माझ्या वॉरंटीचे शेवटचे चौदा दिवस

मी वॉशिंग मशीन बोलतेय. मागच्या गॅलरीतली, नळाशेजारची, डोक्यावर साबणाचा पुडा, चिमट्यांची टोपली आणि कुणाचा तरी विसरलेला चष्मा घेऊन उभी असलेली. एरवी मी घरघरते, ते तुम्ही ऐकलं असेल. आज बोलायचं ठरवलंय. पोटात पुष्कळ दिवस साठलंय, आणि माझ्या पोटात काय काय जातं ते तुम्हाला ठाऊकच आहे.

विषय आहे वॉरंटी. हा इंग्रजी शब्द तुम्ही काहीही विकत घ्यायला गेलात की काउंटरपलीकडून येतोच. त्याचा अर्थ अगदी सरळ आहे. ठरलेल्या मुदतीत वस्तू आपणहून बिघडली, तर ती फुकट दुरुस्त करून देण्याचं विकणाऱ्याचं वचन. इतकंच. पण शब्दांचे अर्थ कोशात राहतात आणि शब्द स्वतः माणसांच्या घरात राहायला येतात. आमच्या घरात हा शब्द माझ्याबरोबर आला आणि माझ्यापेक्षा जास्त जागा अडवून बसला.

माझा जन्म कारखान्यातला. एकानं ड्रम बसवला, एकीनं वायरी जोडल्या, तिसऱ्यानं गोल काचेचं दार लावलं. शेवटी एका चष्मेवाल्या बाईनं मला रिकामीच फिरवली, कान लावून ऐकलं आणि पाठीवर थाप मारून "पास" म्हटलं. मग माझ्या पोटात प्लॅस्टिकच्या पिशवीत एक घडी घातलेला कागद ठेवला. तीच माझी वॉरंटी. नुकतीच कुठे मी जगात आले होते आणि माझ्या बिघडण्याची चर्चा सुरूही झाली होती!

दुकानात मी फार दिवस नव्हते. एका दुपारी एक जोडपं आलं. तो उंच, बारीक, शर्टाच्या खिशात दोन पेनं. ती ठेंगणी, गोल चेहऱ्याची, सगळ्याच मशीनांची दारं उघडून आत डोकावणारी. सेल्समननं नेहमीचं पाठांतर म्हणून दाखवलं आणि शेवटी म्हणाला, "आणि साहेब, तीन वर्षं वॉरंटी. तीन वर्षं बघायला नको."

"बघायला नको म्हणजे काय?" मालकांनी विचारलं. "लेखी आहे का?"

आता मालकांबद्दल सांगते. ते विम्याच्या कचेरीत दावे तपासायला असतात. कुणाचं काही मोडलं, जळलं, वाहून गेलं की तो माणूस कचेरीत अर्ज करतो, आणि अर्जातली चूक शोधून तो परत पाठवणं हे मालकांचं काम. सव्वीस वर्षं त्यांनी इमानेइतबारे अर्ज नामंजूर केले. त्यामुळे त्या दिवशी त्यांनी दुकानात उभ्याउभ्या सगळी अकरा कलमं वाचून काढली. मागे गिऱ्हाईकं खोळंबली. सेल्समन एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन टाकत राहिला.

मालकीणबाईंनी एकच प्रश्न विचारला. "एका धुण्याला किती वेळ लागतो हो?"

"पन्नास मिनिटं, ताई."

"आणि तेवढा वेळ मी काय करायचं?"

"काहीच नाही."

"काहीच नाही?" त्यांनी परत विचारलं. मग मालकांचं कलम सातवर बोट असतानाच त्या म्हणाल्या, "हीच घ्या."

अशी मी घरी आले. कागद मालकांच्या कपाटात निळ्या फायलीत गेला आणि शब्द त्यांच्या जिभेवर बसला. छत्री घेतली, छत्रीवाल्याला विचारलं, वॉरंटी किती? दाताच्या डॉक्टरांनी दात भरला, तेव्हा तोंडात कापूस असतानाही ते "ऑऑंटी?" असं विचारते झाले. लेक कॉलेजात जाते. तिनं एकदा घरी मैत्रीण आणली, तर मालकांनी चहा पिता पिता मैत्रिणीच्या नव्या चष्म्याची चौकशी केली. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही आता जन्माच्या दाखल्यावरही मुदत शोधाल." मालक हसले नाहीत. त्यांना ती कल्पना बरी वाटली असावी.

एक मात्र होतं. या माणसाला जगातले सगळे अपघात तोंडपाठ. शिडीवरून पडणं, ओल्या फरशीवर घसरणं, सायकलवरून आपटणं, गच्चीच्या कठड्याला टेकणं. म्हणून घरात शिडी नाही, सायकल नाही, आणि गच्चीची किल्ली त्यांच्याकडे. मालकीणबाईंना लग्नाआधी झाडावर चढता येत होतं म्हणे. लग्नानंतर त्या स्टुलावरही चढल्या नाहीत. मालक धाकात ठेवत होते असं नाही. घाबरत होते, आणि त्यांच्या घाबरण्याला आकडेवारीचा आधार होता, त्यामुळे वाद घालायची सोय नव्हती.

आणि आता माझं गुपित सांगते. मालकीणबाई पोहायला शिकत होत्या.

सुरुवात अशी झाली. पहिली दोन वर्षं मी फिरायला लागले की त्या समोर स्टूल टाकून माझ्याकडे बघत बसायच्या. आत पाणी, फेस, आणि त्यात गिरक्या घेणारे कपडे. एक दिवस त्या लेकीला म्हणाल्या, "या चादरींचं बरं आहे गं. मलाही कुणी असं पाण्यात सोडलं असतं तर!" लेकीनं दुसऱ्याच दिवशी निळा कॉश्च्यूम आणून दिला आणि चौकापलीकडच्या पोहण्याच्या तलावात नाव घातलं. मालक कचेरीला गेले की मालकीणबाई मला कपडे द्यायच्या, बटण दाबायच्या आणि पिशवी घेऊन पसार व्हायच्या. परत आल्या की कॉश्च्यूम उशीच्या अभ्र्यात गुंडाळून माझ्यात. तलावाच्या पाण्याला औषधाचा उग्र वास असतो. पहिल्या दिवशी मला शिंकच येणार होती. पण मी ब्र काढला नाही. दहा महिने नाही काढला.

दहा महिन्यांत त्या उथळ भागात कडेला धरून पाय मारायला शिकल्या, मग कडा सोडायला, मग श्वास घ्यायला. आता खोल भागात जायचं होतं. त्यासाठी शिकवणाऱ्या बाईंसमोर तलावाची पूर्ण लांबी एका दमात पोहून दाखवायची होती. शनिवारी सकाळी साडेनऊला. त्या शनिवारसाठी मालकीणबाई स्वयंपाक करता करता ओट्यापाशी हात मारायच्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कसलीतरी परीक्षा पास व्हायची होती.

आणि नेमकं तेव्हाच मालकांनी निळी फाइल उघडली.

"अगं, चौदा दिवस उरले!" ते कपाटातूनच ओरडले.

"कशाला?" मालकीणबाईंनी दचकून विचारलं. त्यांना वाटलं, शनिवारचं कळलं.

"वॉरंटी संपायला! तीन वर्षं होत आली आणि ही बया एकदाही बिघडली नाही."

"मग चांगलंच की."

"काय चांगलं? वॉरंटी फुकट गेली!"

मी गॅलरीत थिजले. तीन वर्षं इमानानं राबले, कधी कुरकुर केली नाही, आणि त्याचं हे कौतुक! पण मालकांचं दुःख मला हळूहळू कळलं. सव्वीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे दावे तपासले होते. स्वतःचा असा एक दावा त्यांनी कधी केला नव्हता. एकदा तरी आपण अर्ज करावा, कागदपत्रं अशी चोख लावावीत की समोरच्याला खोट काढता येऊ नये, आणि त्यानं मुकाट्यानं "मंजूर" लिहावं, ही त्यांची हौस होती. कुणाला गाण्याची असते, कुणाला बागेची. त्यांना ही होती.

त्यांनी चौदा दिवसांची रजा टाकली.

आता तुम्हाला वाटेल, त्यांनी मला हातोडा मारला असेल. छे! माणूस प्रामाणिक. कलम आठप्रमाणे मशीन जाणूनबुजून बिघडवली तर दावा रद्द. म्हणून मी आपणहून बिघडायला हवी होती. त्यांनी फक्त मला तशी भरपूर संधी दिली. सकाळी सहाला पहिलं धुणं, ते संपलं की दुसरं, मग तिसरं. प्रत्येक धुणं काट्यावर लटकवून साडेसहा किलो मोजलेलं, कारण जास्त भरलं तर कलम पाच आड येत होतं. वहीत वेळ आणि आवाज यांची नोंद. "नऊ दहा: सूं. नऊ तीस: सूं, किंचित घुं."

तिसऱ्या दिवशी घरातले कपडे संपले. पडदे, सतरंज्या, सोफ्याच्या खोळी झाल्या. धुतलेलेच परत धुतले, तेव्हा लेकीच्या लाल ओढणीचा रंग फिका पडून ती गुलाबी झाली आणि लेकीनं अबोला धरला. मग मालक शेजाऱ्यांकडे गेले. विमा कचेरीतला हा गंभीर माणूस दारोदार जाऊन विचारत होता, "मळके कपडे आहेत का?" शेजारच्या शिक्षिका आधी घाबरल्या, मग त्यांनी वर्षभराची अंथरुणं काढून दिली. खालचा शिंपी चादरी देऊन गेला. कोपऱ्यावरच्या सलूनवाल्यानं तर टॉवेलांचं गाठोडंच पाठवलं आणि निरोप दिला, उद्या पण देतो. जगभराचा मळ मी त्या चौदा दिवसांत पाहिला. मालकांचे हात साबणानं सुरकुतले. सुती कपडे कशाबरोबर धुवायचे आणि लोकर कशी पिळायची नाही, हे सगळं त्यांना कळू लागलं.

मालकीणबाईंची पंचाईत झाली होती. मालक दिवसभर घरात. त्या "जरा बाजारात जाऊन येते" म्हणून जायच्या आणि तासाभरानं एक लिंबू घेऊन यायच्या. केस ओले. मालकांना माझ्या ड्रममधलं पाणी दोन बोटं कमी झालेलं कळत होतं, पण समोर बायको निथळत उभी होती ते काही त्यांना दिसलं नाही. एरवी मला या गोष्टीचा राग आला असता. तेव्हा मात्र बरंच वाटलं.

शेवटचा दिवस उजाडला, शुक्रवार. रात्री बाराला मुदत संपणार होती. मी ठणठणीत! मालकांचा चेहरा उतरलेला. आदल्या दिवशी मालकीणबाई तलावावरून घाईनं आल्या होत्या आणि ओला टॉवेल पिशवीसकट दाराच्या खुंटीला अडकवून विसरल्या होत्या. मालकांना साडेसहा किलोला थोडं वजन कमी पडत होतं. त्यांनी तो टॉवेल ओढला आणि सलूनच्या टॉवेलांबरोबर माझ्यात कोंबला. टॉवेलाच्या घडीत काहीतरी होतं, ते मला पहिल्याच गिरकीत टोचलं.

घर्र, कट्. घर्र, कट्.

मालक स्टुलावरून उठले. कान लावला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं हो! "बिघडली! अगं, ऐकलंस का? बिघडली!"

लेक अबोला विसरून धावत आली. मालकांनी फोन लावला, कलमांचे आकडे पाठ म्हणून दाखवले, आणि चार वाजता मेकॅनिक हजर झाला. जाडजूड, घामेजलेला, गुडघ्यावर बसताना कण्हणारा माणूस. मालकांनी त्याच्यापुढे फाइल ठेवली. पावती, कागद, आवाजांची वही, चार बाजूंनी काढलेले माझे फोटो.

"साहेब," मेकॅनिक म्हणाला, "एवढे कागद तर मी घर घेताना दिले नाहीत."

त्यानं माझ्या पायाशी असलेलं छोटं झाकण उघडलं. पाणी फरशीवर आलं. त्यानं आत हात घातला, चाचपलं, आणि दोन बोटांत काहीतरी धरून बाहेर काढलं. रबर लावलेला, वाकवलेला, बोटाच्या पेराएवढा तारेचा चिमटा.

"हे घ्या. बाहेरची वस्तू अडकली होती. मशीनला काही झालेलं नाही. आणि हे काही वॉरंटीत बसत नाही."

"कलम नऊ," मालक हळूच म्हणाले. मग त्यांच्या तोंडून कचेरीतला आवाज निघाला, सवयीनं. "नामंजूर."

त्या क्षणी मला त्यांची फार दया आली. स्वतःचा एकुलता एक दावा त्यांनी स्वतःच फेटाळला होता.

"पण हे आहे तरी काय?" मेकॅनिकनं चिमटा उजेडात धरला.

"सलूनच्या टॉवेलांतून आला असेल," मालक म्हणाले. "केसांना लावायचा असेल."

मालकीणबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. सुटका आपल्या पायांनी चालत आली होती. नुसतं गप्प बसायचं होतं. 'बाई, बोलू नका,' मी आतल्या आत म्हणत होते, 'उद्या सकाळपर्यंत फक्त. मी दहा महिने तोंड शिवून बसले, तुम्हाला एक रात्र जमणार नाही?'

"तो माझा आहे," मालकीणबाई म्हणाल्या.

"तुझा?"

"नाकाला लावते. पाणी जाऊ नये म्हणून. पोहताना."

लेकीनं डोळे मिटून घेतले. मेकॅनिक गुडघ्यावरच राहिला, उठायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही.

"पोहताना," मालक म्हणाले. "कुठे?"

"चौकापलीकडच्या तलावात. दहा महिने झाले. उद्या साडेनऊला खोल भागात पूर्ण लांबी करून दाखवायची आहे. बारा फूट पाणी आहे."

मालकांचा चेहरा पांढरा पडला. "गेल्या वर्षी बुडण्याचे नऊ दावे आले होते. नऊ! त्यातल्या सहा जणांना पोहता येत होतं. अगं, तुझं वय काय? मध्येच पायात गोळा आला तर? दम संपला तर? वॉरंटी कोण देणार?"

मालकीणबाईंनी ट्रे माझ्या डोक्यावर ठेवला. कप किणकिणले.

"कुणी नाही देणार," त्या म्हणाल्या. "माझी मुदत कधीच संपली. गुडघा वाजतो, चष्म्याचा नंबर वाढला, आणि दुरुस्त करून द्यायला कुणी बांधील नाही. अहो, ही बिघडावी म्हणून तुम्ही चौदा दिवस हिला घटकाभर उभं राहू दिलं नाहीत. आणि मी बिघडू नये म्हणून पंचवीस वर्षं मला हलू दिलं नाहीत. बघा, बिघडली का ती? गावाचा मळ धुतला तरी ठणठणीत आहे."

मग मेकॅनिकनं घसा साफ केला. "वहिनी बरोबर बोलतात, साहेब. माझ्याकडे बिघडलेल्या येतात ना, त्यांतल्या निम्म्या नुसत्या झाकून ठेवलेल्या असतात. रबर सुकतं आणि बेअरिंग गंजून जाम होतं. चालती मशीन बरी." त्यानं चहा एका घोटात संपवला, सही घेतली आणि निघून गेला.

मालकांनी चिमटा धुतला, पुसला आणि मालकीणबाईंच्या हातात दिला. त्या रात्री घरात कुणीच फारसं जेवलं नाही.

शनिवारी मालकीणबाई नऊ वाजता पिशवी घेऊन निघाल्या. या वेळी लिंबाचं नाव काढलं नाही. मालक माझ्यासमोर स्टुलावर बसून राहिले. माझ्यात कपडे घातलेले नव्हते, वही उघडलेली नव्हती. सव्वानऊला ते उठले, परत बसले. नऊ वीसला बूट घालून धावत सुटले. दार सताड उघडं.

त्यापुढचं मी पाहिलं नाही. कानावर आलं तेवढं सांगते. अकराच्या सुमारास दारात पचपच पावलं वाजली आणि लेकीची किंकाळी आली, "बाबा! हे काय?"

मालक नखशिखान्त भिजलेले होते. शर्ट, पँट, मोजे, खिशातली दोन्ही पेनं. मालकीणबाईंना हसू आवरत नव्हतं.

"मी अर्ध्यावर पोचले होते," त्या सांगू लागल्या. "नाकाचा चिमटा सरकला, म्हणून एक हात वर केला. तर यांनी बुटासकट उडी मारली!"

"मला वाटलं, तू हात दाखवतेयस."

"खोल भागात! पोहता येत नाही, काही नाही. शिकवणाऱ्या बाईंनी बांबू टाकून यांना ओढलं. आणि मी तोवर पलीकडच्या भिंतीला हात लावून आले. एका दमात."

"पास?" लेकीनं विचारलं.

"पास," मालकांनी उत्तर दिलं, आणि त्यांच्या आवाजात असा काही अभिमान होता की जणू दावा त्यांचाच मंजूर झाला होता. मग त्यांना हुंदका आला. "तुला काही झालं असतं तर मी काय केलं असतं गं?" असं ते म्हणाले. पंचवीस वर्षांत आकडे न सांगता ते पहिल्यांदाच घाबरले होते. मालकीणबाईंनी त्यांच्या ओल्या पाठीवरून हात फिरवला.

मग दोघंही गॅलरीत आले. निळा कॉश्च्यूम, निथळता शर्ट, पँट, मोजे, सगळं माझ्यात पडलं. वजन कुणी केलं नाही. बटणावर मालकांचं बोट थबकलं. "आजपासून वॉरंटी नाही हिची," ते म्हणाले. "आज बिघडली तर?"

"बिघडली तर बघू. दाबा."

त्यांनी बटण दाबलं.

याला आता सात महिने झाले. घरचे कपडे अजून मालकच धुतात. ओढणीही वेगळी धुतात. आठवड्यातून दोनदा एक पुरुषी चड्डीही निळ्या कॉश्च्यूमबरोबर माझ्यात येते. तिला तलावाचा वास असतो, पण खोल पाण्याचा नाही. मालक अजून कडेला धरूनच पाय मारतात, असं मालकीणबाई सांगतात. माझं म्हणाल तर दाराचं रबर थोडं सैल झालंय, जोरात फिरताना मी चार बोटं पुढे सरकते आणि शेवटच्या पिळण्याला माझा आवाज सगळ्या इमारतीला ऐकू जातो. आता तो कुणी वहीत लिहीत नाही.

वाचकहो, तुमच्याही घरात कुणीतरी मुदत संपलेलं असेल. कोपऱ्यात जपून ठेवलेलं, झाकलेलं, धक्का लागू नये म्हणून हलूही न दिलेलं. एकदा त्याला विचारा, तुला काय करायचं राहिलंय? आणि त्यानं जे सांगितलं ते ऐकून घाबरलात, तर खुशाल घाबरा. पण त्याला जाऊ द्या, आणि जमलं तर मागोमाग तुम्हीही जा. बूट मात्र काठावर काढून ठेवा, वाळायला फार दिवस लागतात.